दारात कोण उभंय?

रोज संध्याकाळी सात वाजता, आई देवापाशी दिवा लावते नेमक्या त्याच मुहूर्तावर, आमच्या कंप्युटरच्या उजव्या कोपऱ्यात एक लाल चौकट उगवते. ‘तुमचा कंप्युटर धोक्यात आहे!’ खाली बारीक अक्षरांत नूतनीकरणाची रक्कम. चौकट बंद करायला फुली आहे, पण ती इतकी बारीक की चष्मा लावून नेम धरावा लागतो, आणि नेम चुकला की आपण थेट पैसे भरायच्या पानावर जाऊन पडतो.

“अरे, रोज तिन्हीसांजेला हे काय अभद्र बोलतं ते?” आईने विचारलं.

“अँटिव्हायरसची मुदत संपलीय.”

“पैसे भरले नाहीत तर?”

“धोका आहे.”

“आणि भरले तर?”

“तर धोका आहे असं म्हणणार नाही.”

“असे लोक पूर्वी आपल्या गल्लीतही यायचे, दुकानदारांकडे,” आई म्हणाली आणि वात पुढे सारली.

मी मात्र प्रकरण गंभीरपणे घेतलं आणि आपल्याकडे चोरण्यासारखं काय आहे याचा पंचनामा करायला बसलो. गणेशोत्सव मंडळाचे जुने अहवाल. चाळीच्या पुनर्विकासाच्या सभांची इतिवृत्तं, ज्यांत ‘सदर विषयावर पुढील सभेत चर्चा करण्याचे ठरले’ हे एकच वाक्य तारखा बदलत पुढे गेलेलं आहे. बायकोच्या मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो. लग्न आता राहिलेलं नाही, फोटो आहेत. आणि ‘कादंबरी’, ‘कादंबरी नवीन’, ‘कादंबरी फायनल’, ‘कादंबरी फायनल खरी’ अशा चार फाइल्स, ज्यांत मिळून पहिलंच प्रकरण आहे. मॉस्कोतल्या कुणा हॅकरने रात्रभर जागून हा ऐवज लांबवला, तर माझ्या कादंबरीला निदान एक वाचक मिळेल या विचाराने मला क्षणभर बरंच वाटलं.

“बँकेचे पासवर्डही त्याच्यातच आहेत ना?” बायकोने आतून विचारलं.

“आहेत.”

“कुठे?”

“‘पासवर्ड’ नावाच्या फाइलमध्ये.”

बाहेर येऊन तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर अँटिव्हायरस घ्यायचं ठरलं.

पण गिरगावच्या चाळीत निर्णय घरात घेता येत नाही. खोली ती केवढी; निर्णय मावायला गॅलरीच लागते. मी खुर्ची बाहेर काढून ‘अँटिव्हायरस कुठला चांगला?’ एवढंच विचारलं आणि जिन्यापासून सार्वजनिक नळापर्यंत मंडळी जमली. यांतल्या निम्म्यांकडे कंप्युटर नाही, त्यामुळे त्यांची मतं जास्त ठाम होती.

“पुण्याचं घे. क्विक हील. आपला माणूस आहे,” वरच्या मजल्यावरून आदेश आला. मग कैलास काटकरांची कथा सांगून झाली. रहिमतपूरचं कुटुंब, शिक्षण दहावीपर्यंत, कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कंप्युटरपर्यंत पोचलेला माणूस; धाकटा भाऊ संजय कंप्युटर शिकला, त्याने व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात उतरली. गोष्ट खरी आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. फक्त आमच्या गॅलरीत ती संपता संपता सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

“दहावी शिकलेल्याने एवढं केलं,” कुणीतरी म्हणालं. “आणि तू एम. ए.”

लालबागचे मामा आलेले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं की रशियन अँटिव्हायरस घेऊ नका, कॅस्परस्कीवर अमेरिकेने २०२४ साली बंदी घातली. मामा ताठ बसले. १९८२ च्या गिरणी संपापासून आजतागायत अमेरिकेचं एकही मत त्यांनी मान्य केलेलं नाही. “अमेरिका नको म्हणते? मग तेच घे,” ते म्हणाले. अँटिव्हायरस कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण बाजू कुठली घ्यायची हे पक्कं ठाऊक होतं.

मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला स्पीकरवर घेतलं. “बाबा, तू काहीही विकत घेऊ नकोस. विंडोज आठपासून डिफेंडर आतच घालून देतात. तोच चालू ठेव. फुकट आहे.”

हा शब्द तिने उच्चारायला नको होता. ज्या वस्तीत खोली पागडीने, नळाचं पाणी नंबराने आणि मोरीसुद्धा वाटणीने मिळते, तिथे फुकट रक्षण करणाऱ्याचा हेतू शुद्ध असेल यावर कोण विश्वास ठेवणार? पोरीचं पगारपत्रक मोठं असलं तरी जगाचा अनुभव कमी, असा निकाल लागून फोन बंद झाला.

शेवटी हाफकिनकाका बोलले. काका परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून निवृत्त झाले आहेत आणि लस या विषयावर चाळीत त्यांच्यापुढे कुणी जात नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, हाफकिनने इथेच लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सगळ्यांत आधी स्वतःला टोचून घेतली, हे ते दूधवाल्यालाही सांगतात.

“मला एकच सांग,” काका म्हणाले, “हे अँटिव्हायरस बनवणारे आधी स्वतःच्या कंप्युटरवर लावून बघतात का?”

मला उत्तर येईना. नंतर वाचनात आलं की जॉन मॅकॅफी या गृहस्थाने १९८७ साली स्वतःच्या नावाची अँटिव्हायरस कंपनी काढली, पुढे ती सोडली, आणि २०१३ साली ते सॉफ्टवेअर कंप्युटरवरून काढून कसं टाकायचं याचा एक बराचसा चावट व्हिडिओ स्वतःच प्रसिद्ध केला. काकांना हे सांगितलं नाही. त्यांना रक्तदाब आहे.

खरेदीला मी लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं तर तिथला दुकानदारही ‘पुढे विचारा’ म्हणेल. १९०७ साली परत गेलेल्या गव्हर्नरचं नाव या रस्त्यावरून अजून अनइन्स्टॉल झालेलं नाही. दुकानात तीन खोकी माझ्यापुढे ठेवली गेली: अँटिव्हायरस, इंटरनेट सिक्युरिटी, टोटल सिक्युरिटी.

“टोटलमध्ये काय येतं?”

“सगळं, अंकल.”

“मग इंटरनेटमध्ये?”

“टोटलमधलं थोडं सोडून सगळं.”

“आणि साध्यामध्ये?”

त्याने माझ्याकडे खालून वर पाहिलं. “साधं कुणी घेत नाही, अंकल.”

एका कंप्युटरचं एक वर्ष आणि तीन कंप्युटरांची तीन वर्षं यांच्या किमतीत त्याने असा काही हिशेब मांडला की तीन घेणं म्हणजे जवळजवळ उत्पन्नच. माझ्याकडे एकच कंप्युटर आहे म्हटल्यावर तो म्हणाला, “उरलेले शेजाऱ्यांना द्या.” झालं. परत येऊन मी शेजारी शोधू लागलो. एक मिळाला हाफकिनकाकांच्या नातवात. दुसऱ्यासाठी तळमजल्यावरच्या टेलरला गळ घातली. त्याचा कंप्युटर बंद पडून काही वर्षं झाली होती, पण ‘पडून राहील, कधी लागलंच तर’ म्हणून त्याने वर्गणी दिली. सध्या आमच्या चाळीतला सर्वांत सुरक्षित कंप्युटर त्याचाच आहे.

खोकं चांगलं शर्टाच्या खोक्याएवढं. आत एक कार्ड, आणि त्यावर नाण्याने खरवडायची करडी पट्टी. आईने खोकं उलटं करून झटकलं. “एवढंच?” ती म्हणाली. “लस कुठेय?”

आता नवा अँटिव्हायरस चढवायचा तर आधी जुना उतरवायला हवा, कारण एकाच कंप्युटरवर दोन बसवले की दोघे एकमेकांवरच संशय घेऊ लागतात. जुना उतरायला तयार नव्हता. ‘आम्हाला सोडून का जाताय?’ त्याने विचारलं आणि कारणांची यादी दिली. त्यात ‘बायकोने पाहिलं’ हे कारण नव्हतं. मी ‘इतर’वर टिचकी मारली. ‘पन्नास टक्के सूट दिली तर राहाल?’ नाही म्हटलं. ‘एक महिना फुकट?’ कंप्युटर बंद करून चालू केला. सात वाजता लाल चौकट आली. गेलेल्या भाडेकरूने कुलूप तसंच ठेवावं तसा तो कुठल्या तरी फोल्डरमध्ये ताबा ठेवून बसला होता. पुनर्विकासाच्या सभांतून मला या प्रकाराची चांगली ओळख आहे.

अखेर मुलीने पुण्याहून कंप्युटरचा ताबा घेऊन त्याला बाहेर काढलं आणि नवा नीट चालतो का हे तपासायला एक फाइल त्यात सोडली. आयकार नावाची युरोपातली एक संस्था आहे, तिने ठरवून दिलेली ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल. ती कुणाचंही काही बिघडवत नाही, पण जगातल्या बहुतेक अँटिव्हायरसांनी तिला पाहून आरडाओरडा करायचा असा आपसांत ठराव आहे. आमच्याने केला. शेजारून हाफकिनकाका धावत आले. “रिअ‍ॅक्शन आली? मग लस लागली,” ते म्हणाले आणि समाधानाने चहाला बसले.

पहिली तपासणी रात्री दहाला सुरू केली. सकाळी दूध आलं तेव्हा ती सत्तेचाळीस टक्क्यांवर होती. आमच्या कंप्युटरचं वय लक्षात घेता अँटिव्हायरस चालू असताना दुसरं काही चालतच नाही. एखादा व्हायरस आत असलाच तर त्यालाही हातपाय हलवायला जागा मिळत नसणार. थांबल्या थांबल्या मोबाइलवर जुन्या व्हायरसांबद्दल वाचत बसलो. काय सभ्य काळ होता! १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला, तर त्यात आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घालून ठेवला. ‘कॅस्केड’ नावाचा एक होता, तो पडद्यावरची अक्षरं टपाटप खाली पाडायचा. माझ्या पहिल्या प्रकरणाला त्याची गरज होती, हे बायकोचं मत मी इथे केवळ प्रामाणिकपणे नोंदवतो.

तपासणी संपली. धोके: शून्य. एवढे पैसे खर्चून शून्य निघाल्याने सगळ्यांचीच थोडी निराशा झाली.

मग आली फायरवॉल. अँटिव्हायरस घरात शिरलेल्याला पकडतो, आणि फायरवॉल दारातच ‘कोण, कुठला, काय काम’ विचारते, असं मुलीने समजावलं. इथेच खरी पंचाईत झाली. आमच्या चाळीत दार ही वस्तू भिंत अपुरी पडली म्हणून बसवलेली आहे. सकाळी दूधवाल्याबरोबर उघडतं ते रात्री गादी घालताना लागतं. भरदुपारी कुणाचं दार नुसतं लोटलेलं दिसलं तर ‘काय हो, सगळं ठीक ना?’ असं विचारायला चार माणसं ते उघडून आत येतात. ‘नाही’ हा शब्द दारात उभं राहून म्हणायची आम्हाला सवयच नाही. फार तर ‘आत्ता नाही हो, उद्या या’ म्हणतो, आणि तेसुद्धा चहा पाजून.

फायरवॉलच्या मांडणीत ‘तूच काय ते ठरव’ आणि ‘प्रत्येक वेळी मला विचार’ असे दोन पर्याय होते. या घरात मला एरवी कुणी काही विचारत नाही. मी दुसरा निवडला.

तासाभरात पस्तावायची वेळ आली. ‘एसव्हीसीहोस्ट हा प्रोग्रॅम इंटरनेटशी संपर्क करू इच्छितो. परवानगी द्यायची का?’ मिनिटाने पुन्हा तोच. मग त्याच नावाचा दुसरा. मी ऑफिसला जाताना काम घरच्यांवर सोपवलं.

आई म्हणाली, “कोण आहे तो? पुन्हा पुन्हा विचारतोय बिचारा. जाऊ दे की.” तिने सकाळच्या पाळीत सगळ्यांना परवानगी दिली. प्रत्येकाला तोंडाने ‘हो बाबा, जा’ म्हणून.

बायकोची पाळी दुपारी. तिचं धोरण स्वच्छ: ओळखदेख नाही त्याला नाही. संध्याकाळी मी आलो तेव्हा प्रिंटर बंद, घड्याळ मागे, वीजबिलाचं पान उघडेना, आणि सात वाजता लाल चौकट! ही नव्या अँटिव्हायरसची होती. ‘तुमचा कंप्युटर धोक्यात आहे. नवी माहिती मिळालेली नाही.’ का मिळालेली नाही? कारण माहिती आणायला निघालेल्या त्याच्याच प्रोग्रॅमला त्याच्याच फायरवॉलने बायकोच्या हुकमावरून दारात अडवलं होतं.

“त्याने नाव नीट सांगायला नको?” ती म्हणाली.

मला स्वतःला तिसराच पर्याय आवडला: ‘नंतर विचारा’. सदर विषयावर पुढील सभेत चर्चा करण्याचे ठरले.

मुलीला फोन केला तर ती बराच वेळ नुसती हसली. “अरे बाबा, विंडोजची स्वतःची फायरवॉल आहे. एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, २००४ पासून ती आपोआप चालू असते.” म्हणजे वीस वर्षं हा पहारेकरी दारात उभा होता, आणि आम्ही त्याला कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आई हळहळली.

तरी हे सगळं निभावलं असतं. पण श्रावण सरत आला आणि मंडळाचे सेक्रेटरी आले. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली गणपती बसला, तेव्हापासून गिरगावात मंडळाच्या माणसाला दार ठोठावायची सवय नाही. गळ्यात नाडी, नाडीला पेनड्राइव्ह. हा पेनड्राइव्ह म्हणजे मंडळाचा सर्वाधिक फिरलेला कार्यकर्ता: दादरचा झेरॉक्सवाला, परळचा डेकोरेटर, छापखाना, साउंडवाला, सगळ्यांकडे मुक्काम करून तो अहवालासाठी माझ्याकडे येतो.

लावला मात्र, कंप्युटरने सायरन वाजवला. आत पाहिलं तर अहवाल नाही, जमाखर्च नाही. सगळ्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट, एकेक केबीचे. मूळ फाइल्स व्हायरसने लपवून ठेवलेल्या.

“तुझ्या कंप्युटरला काहीतरी झालंय,” सेक्रेटरी म्हणाले. “झेरॉक्सवाल्याकडे अजिबात ओरडत नाही.”

“त्याच्याकडे अँटिव्हायरस नाही.”

“बघ! म्हणून त्याचं काम कसं वेळेवर होतं.”

एवढ्यात अँटिव्हायरसने जाहिरातदारांची यादी उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली. त्यात मुखपृष्ठामागच्या रंगीत पानाचा सराफ होता. सेक्रेटरी हादरले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून सुचवलं, “असं कर. पाच मिनिटं तो अँटिव्हायरस बंद ठेव. आपण गुपचूप कॉपी करून घेऊ. त्याला कळणार नाही.”

हाफकिनकाका दारातच होते. (दार उघडंच होतं.) त्यांचे डोळे चमकले. “अगदी हेच!” ते म्हणाले. “प्लेगात हेच झालं. तपासणीचं पथक गल्लीत शिरलं की लोक तापाने फणफणलेला माणूस लपवायचे. का, तर इस्पितळात नेतील. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगार चालून गेले होते, ठाऊक आहे?”

“त्यांचं चुकलं नव्हतं,” मामा म्हणाले. कामगारांचा विषय निघाला की ते लालबागहून कसे पोचतात, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

“पण काका, सराफाचं पान पस्तीस हजारांचं आहे हो,” सेक्रेटरी काकुळतीला आले. काकांनी बराच विचार केला. शास्त्र एकीकडे, मंडळ दुसरीकडे. शेवटी “पाचच मिनिटं हं,” असं म्हणून त्यांनी तोंड गॅलरीकडे वळवलं.

अहवाल वेळेवर निघाला. कंप्युटर दीड आठवडा आजारी होता.

या धामधुमीत एका दुपारी आईच्या मोबाइलवर फोन आला. मी शेजारी बसून फायरवॉलचे नियम लिहीत होतो. पलीकडचा म्हणाला, बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय, आज खातं बंद होणार, आलेला ओटीपी सांगा. मी हातवारे करून ‘ठेव, ठेव’ सांगत होतो. आईने मला हातानेच गप्प केलं.

“बेटा, तुम किधर से बोलता?” आई तिच्या खास गिरगावी हिंदीत म्हणाली. “नहीं नहीं, ब्रँच नहीं. गाव. गाव कौनसा?”

त्याने काहीतरी सांगितलं असावं.

“घर में कौन कौन? मां कैसी है? जेवण हुआ? तीन बज गया, अभी तक नहीं हुआ?”

तो ओटीपीकडे वळू पाहत होता. आई म्हणाली, चष्मा सापडत नाही, होल्ड कर. चष्मा शोधायला ती उठली, तेवढ्यात समोरची वाटीभर साखर मागायला आली, तिच्याशी सुनेचा विषय निघाला, मग गॅसवरचं दूध. परत येऊन फोन कानाला लावला तर तो तिथेच. “एवढा वेळ थांबला,” ती फोनवर हात ठेवून मला कौतुकाने म्हणाली. मग तो खोकला. ती त्याची घोडचूकच झाली. आईने त्याला काढ्याची कृती लिहून घ्यायला लावली: गवती चहा इतका, आलं इतकं, तुळशीची पानं मोजून. ‘लिखा क्या? वापस बोल के दिखा,’ असं तिने दटावलं तेव्हा पलीकडून फोन बंद झाला.

मी ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवायला निघालो.

“कशाला?” आई म्हणाली. “त्याने काय नेलं आपलं? उलट माझंच ज्येष्ठमध सांगायचं राहिलं.” आणि तिने स्वतःच त्याचा नंबर फिरवला. लागेना. पुन्हा फिरवला. अजूनही आठवण झाली की ती फिरवते आणि ‘हा क्रमांक उपलब्ध नाही’ हे तिन्ही भाषांत शेवटपर्यंत ऐकून घेते.

“त्याने फायरवॉल बसवलेली दिसते,” परवा ती म्हणाली. “आपल्यापेक्षा चांगली आहे. कुठली घेतली ते त्याला विचारायला हवं होतं.”